विमानातील रिकामे आसन आणि व्यवस्थापनाची माहिती

विमान कंपनी जो माल विकते तो गोदामात साठवून ठेवता येत नाही. मंडईतील भाजीवाल्याची मेथी सकाळी विकली गेली नाही, तर संध्याकाळी ती निम्म्या भावाने तरी जाते. कापड दुकानदाराचा ठाण या दिवाळीस उठला नाही, तर पुढच्या लग्नसराईत उठतो. विमानातील आसनाचे तसे नाही. विमानाचे दार बंद झाले की रिकाम्या राहिलेल्या आसनाची किंमत त्या क्षणी शून्य होते, आणि ते आसन रिकामे नेण्यासाठी इंधन, वैमानिक, कर्मचारी व विमानतळाचे शुल्क यांवर होणारा खर्च मात्र जवळजवळ तेवढाच राहतो. शिवाय या मालाची रीत मंडईच्या अगदी उलट आहे. मंडईत दिवस कलला की भाव उतरतो. विमानाच्या बाबतीत उड्डाणाची वेळ जवळ आली की भाव चढतो. कामानिमित्त तातडीने निघालेला प्रवासी शेवटच्या दोन दिवसांत येतो आणि मागेल ते भाडे देतो. सुट्टीवर जाणारे कुटुंब दोन महिने आधी येते व स्वस्त तिकीट मागते. पहिल्यास अखेरच्या घटकेस देता यावे म्हणून किती आसने मोकळी ठेवावीत, आणि दुसऱ्यास आजच किती देऊन टाकावीत, हा प्रश्न विमान कंपनीच्या व्यवस्थापनापुढे प्रत्येक उड्डाणाच्या बाबतीत, दररोज उभा असतो.

या प्रश्नाचे उत्तर अनुभवी अधिकाऱ्याच्या अंदाजाने देता येते, परंतु ते थोड्या विमानांपुरतेच. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून टपाल घेऊन अहमदाबादमार्गे मुंबईच्या जुहू विमानतळावर विमान उतरविले, तेव्हा त्या लहानशा संस्थेचा सारा कारभार काही माणसांच्या डोक्यात व काही वह्यांत मावत होता. पुढे एअर-इंडियाचे अध्यक्ष असताना टाटा स्वतःच्या प्रवासात दिसलेल्या लहानसहान गोष्टी टिपून ठेवीत व त्या अधिकाऱ्यांकडे पाठवीत, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. व्यवस्थापनास माहिती मिळण्याचा तो एक उत्तम मार्ग होता; मात्र तो एका जागरूक माणसाच्या नजरेवर अवलंबून होता. शेकडो विमाने, हजारो उड्डाणे व लक्षावधी प्रवासी झाल्यावर अशी नजर पुरी पडत नाही. तेथे माहिती आपोआप गोळा होणे, ती निवडली जाणे आणि ज्याने निर्णय घ्यावयाचा त्याच्यापुढे वेळेवर येणे, याची कायमची व्यवस्था लागते. या व्यवस्थेसच व्यवस्थापन माहिती प्रणाली असे म्हणतात. ती कशी घडली, तिने काय दिले आणि ती कोठे अपुरी पडली, हे समजून घेण्यास अमेरिकन एअरलाइन्स या कंपनीइतके बोलके उदाहरण दुसरे क्वचितच सापडेल.

फिरत्या पेटीभोवती आठ माणसे

दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास अमेरिकेत आसनांचा हिशेब कार्डांवर ठेवीत असत. प्रत्येक उड्डाणाचे एक कार्ड असे व ती सारी कार्डे एका फिरत्या पेटीत रचलेली असत. आसन विकले गेले की कार्डाच्या कडेस खूण करावयाची. खुणांवरून विमान भरले की नाही ते दिसे. या पेटीभोवती सुमारे आठ माणसांनाच बसता येई, आणि कामाचा वेग त्यापुढे वाढविण्याची सोयच नव्हती, कारण नववा माणूस बसणार कोठे? दुसऱ्या शहरातील कारकुनास आसन हवे असेल तर ज्या शहरातून विमान सुटावयाचे तेथील कचेरीस विचारणा करून उत्तराची वाट पाहावी लागे. उड्डाण शोधणे, आसन राखणे व तिकीट लिहून देणे या साऱ्यास सरासरीने दीड तास, आणि कधीकधी तीन तासही लागत.

अमेरिकन एअरलाइन्सने या अडचणीवर पहिला उपाय १९४६ मध्ये बोस्टन येथे करून पाहिला. रिझर्व्हायझर नावाच्या विद्युत यंत्रात कारकुनाने उड्डाण व तारीख दाबली की दिव्यावरून आसन आहे की नाही ते कळे. १९५२ मध्ये न्यूयॉर्कला चुंबकीय पिंपावर नोंद ठेवणारे सुधारित यंत्र आले. या यंत्रांनी वेळ वाचविला हे खरे, पण त्यांत एक मोठी उणीव होती. यंत्रास आसने किती उरली ते ठाऊक असे. ती कोणी घेतली ते ठाऊक नसे. प्रवाशाचे नाव अजूनही निराळ्या कार्डावर, निराळ्या हातांनी लिहिले जाई. परिणामी एकाच प्रवाशाची दोन आसने अडकून पडत, तर कधी ज्याच्या हाती तिकीट आहे त्याचे नाव यादीत सापडत नसे.

१९५३ मध्ये लॉस एंजेलिसहून न्यूयॉर्कला जाणाऱ्या विमानात कंपनीचे अध्यक्ष सी. आर. स्मिथ आणि आय.बी.एम. या कंपनीचे विक्री अधिकारी ब्लेअर स्मिथ शेजारी-शेजारी बसले, आडनाव एकच निघाल्याने बोलणे सुरू झाले आणि त्यातून पुढील योजनेचा उगम झाला. आय.बी.एम. त्या वेळी अमेरिकेच्या हवाई संरक्षणासाठी दूरदूरच्या रडार केंद्रांना संगणकाशी जोडण्याच्या कामात गुंतलेली होती. शत्रूच्या विमानाची बातमी क्षणात एका जागी आणणारे तंत्र आसनांची बातमी आणण्यासही उपयोगी पडेल, ही कल्पना दोघांसही पटली. ‘सेबर’ नावाची ही प्रणाली १९६० मध्ये न्यूयॉर्क राज्यातील ब्रायरक्लिफ मॅनर येथे दोन मोठ्या संगणकांवर सुरू झाली आणि १९६४ पर्यंत कंपनीचे सारे आरक्षण तिच्याकडे आले. तिच्यासाठी सुमारे ४ कोटी डॉलर खर्च झाले. दररोज ८० हजारांहून अधिक दूरध्वनी हाताळण्याची तिची क्षमता होती, आणि कारकुनास उत्तर मिळण्यास आता काही सेकंद पुरत.

नोंदवहीचे रूपांतर

सेबर उभारताना हेतू कारकुनी कामाचा होता: चुका कमी व्हाव्यात व माणसे वाचावीत. व्यवस्थापनाच्या निर्णयांसाठी ती बांधलेली नव्हती. परंतु तिने प्रथमच आसन व प्रवाशाचे नाव एकाच नोंदीत बांधले, आणि या एका गोष्टीने पुढचे सारे शक्य झाले. प्रवाशाच्या नोंदीत त्याचे नाव, मार्ग, तारीख, दूरध्वनी क्रमांक, तिकिटाची स्थिती हे सर्व एकत्र आले. प्रवाशाने बेत बदलला की तो बदलही त्याच नोंदीत पडू लागला. अशा लक्षावधी नोंदी साठल्यावर त्यांना असे प्रश्न विचारता येऊ लागले, जे पूर्वी कोणी विचारलेच नव्हते. शुक्रवारच्या संध्याकाळच्या विमानाची आसने किती दिवस आधी भरू लागतात? आरक्षण करून न येणारे किती? कोणत्या मार्गावरचे प्रवासी अखेरच्या आठवड्यात येतात?

येथे माहितीच्या तीन पायऱ्या ध्यानात घ्याव्या लागतात. खिडकीवरच्या कारकुनास या क्षणी, या विमानात, किती आसने आहेत एवढेच हवे असते. मार्गाचा कारभार पाहणाऱ्या अधिकाऱ्यास पुढील तीन महिन्यांतील उड्डाणे गतवर्षीच्या मानाने लवकर भरत आहेत की उशिरा, हे हवे असते. संचालकांस तो मार्ग चालू ठेवावा की बंद करावा, मोठे विमान घ्यावे की लहान, हे ठरवावयाचे असते. तिघांची गरज निराळी असली तरी तिघांच्या कागदांवरील आकडे एकाच मूळ नोंदीतून आले पाहिजेत. जेथे प्रत्येक खाते आपापला हिशेब निराळा ठेवते, तेथे सभा आकडे कोणाचे खरे या वादातच संपतात. हा अनुभव केवळ विमान कंपन्यांचा नाही.

नोंदींच्या अशा उपयोगाचे एक उदाहरण मनोरंजक आहे. १ मे १९८१ रोजी अमेरिकन एअरलाइन्सने वारंवार प्रवास करणाऱ्यांस बक्षिसे देणारी योजना सुरू केली. पण वारंवार प्रवास करणारे कोण? नावांवरून ते ओळखणे कठीण होते, कारण एकच माणूस कधी आद्याक्षराने तर कधी पूर्ण नावाने नोंदलेला असे. म्हणून सेबरमधील नोंदींत तेच ते दूरध्वनी क्रमांक पुन:पुन्हा कोठे येतात ते शोधले गेले. कारकुनाने केवळ निरोप देता यावा म्हणून लिहून घेतलेला क्रमांक कंपनीचे उत्तम गिऱ्हाईक ओळखण्याची खूण ठरला.

स्वस्त तिकिटे किती विकावीत?

१९७८ पर्यंत अमेरिकेत भाडी व मार्ग ठरविण्याचा अधिकार सरकारच्या नागरी विमान वाहतूक मंडळाकडे होता. सर्वांचे भाडे सारखे असल्याने कंपन्यांची स्पर्धा जेवण, आसनाची ऐसपैस जागा व उड्डाणांची संख्या एवढ्यापुरती चाले. २४ ऑक्टोबर १९७८ रोजी अध्यक्ष कार्टर यांनी निर्बंध उठविणाऱ्या कायद्यावर सही केली आणि चित्र पालटले. कमी खर्चात चालणाऱ्या नव्या कंपन्या उभ्या राहिल्या. त्यांतील पीपल एक्स्प्रेस ही कंपनी डोनाल्ड बर यांनी स्थापिली व १९८१ च्या एप्रिलमध्ये न्यूयॉर्कजवळील नेवार्क येथून तिची उड्डाणे सुरू झाली. तिची भाडी इतकी उतरलेली होती की बसने जाणारा माणूस विमानात बसू लागला. जुन्या, मोठ्या पगाराच्या कंपन्यांना त्या भाड्यात सारी आसने विकणे म्हणजे दिवाळे काढणे होते. न विकणे म्हणजे गिऱ्हाईक गमावणे होते.

या पेचातून मार्ग काढणारे सूत्र काही वर्षे आधीच मांडले गेले होते. ब्रिटनच्या बी.ओ.ए.सी. या विमान कंपनीतील केन लिटलवुड यांनी १९७२ मध्ये ते सांगितले. ते इतके सोपे आहे की आकडे घालून पाहिल्यास कोणासही समजावे. समजा, विमानात १५० आसने आहेत. सवलतीचे भाडे ४,००० रुपये व पूर्ण भाडे १०,००० रुपये आहे. सवलतीचा प्रवासी आज खिडकीपाशी उभा आहे. त्यास आसन दिले तर ४,००० रुपये नक्की. न दिले तर पुढे पूर्ण भाड्याचा प्रवासी येईल किंवा न येईल. तो येण्याचा संभव शंभरात ४० हून अधिक असेल तर आसन राखून ठेवावे, कमी असेल तर आजच विकावे. कारण १०,००० चे शंभरात ४० म्हणजे बरोबर ४,०००.

आता जुन्या नोंदी पाहिल्या असता असे आढळले की, या उड्डाणास पूर्ण भाड्याचे निदान ३० प्रवासी येण्याचा संभव शंभरात ६० आहे, निदान ३६ येण्याचा ४० आहे, आणि निदान ४५ येण्याचा केवळ १५ आहे. म्हणजे ३६ आसने राखावीत व ११४ सवलतीत खुली करावीत. प्रत्यक्षात पूर्ण भाड्याचे ३२ च प्रवासी आले असे धरू. विमान चार आसने रिकामी घेऊन उडाले. उत्पन्न झाले ४,५६,००० अधिक ३,२०,०००, म्हणजे ७,७६,००० रुपये. सारीच्या सारी १५० आसने सवलतीत विकून विमान गच्च भरले असते तर उत्पन्न ६ लाख झाले असते. विमानतळावर उभे राहून पाहणाऱ्यास भरलेले विमान यशस्वी व चार आसने रिकामी असलेले विमान तोट्याचे वाटेल. म्हणूनच केवळ आसने किती भरली हे प्रमाण संचालकांपुढे ठेवणारा अहवाल अपुरा होय. प्रत्येक आसनामागे किती मिळाले हे त्याच्याशेजारी नसेल तर तो दिशाभूलही करू शकतो.

सूत्र सोपे असले तरी त्यातील संभवाचे आकडे हवेतून आणता येत नाहीत. ते प्रत्येक उड्डाणाच्या, प्रत्येक वाराच्या, प्रत्येक हंगामाच्या जुन्या नोंदींतूनच यावे लागतात. अमेरिकन एअरलाइन्सपाशी त्या होत्या. कंपनीचे प्रमुख रॉबर्ट क्रँडल यांनी या कामास उत्पन्न-व्यवस्थापन असे नाव दिले. १९८५ च्या जानेवारीत कंपनीने मोठ्या सवलतीची तिकिटे जाहीर केली. ती आगाऊ खरेदी करावी लागत व प्रत्येक विमानात त्यांची संख्या मर्यादित असे. पीपल एक्स्प्रेसच्या भाड्याशी बरोबरी करणारी आसने ज्या विमानात रिकामी जाणार होती त्यातच विकली गेली. ज्या विमानास पूर्ण भाड्याचे प्रवासी मिळणार होते त्यात ती थोडीच ठेवली गेली. प्रवाशास दोन्हीकडे भाडे सारखेच दिसे. फरक होता तो पडद्यामागे.

पीपल एक्स्प्रेसकडे असे भेद करणारी प्रणाली नव्हती. तिचा पगार कमी, उत्साह दांडगा व विमाने भरलेली. पण एकच भाडे ठेवल्याने तिला अखेरच्या घटकेच्या प्रवाशाकडून अधिक घेता येत नव्हते व आता स्वस्ताईचा मानही तिच्या एकटीचा राहिला नव्हता. १ फेब्रुवारी १९८७ रोजी ती कॉन्टिनेंटल एअरलाइन्समध्ये विलीन होऊन नाहीशी झाली. तिच्या अंतास कर्ज, १९८५ मध्ये फ्रंटियर ही कंपनी विकत घेण्याची घाई आणि झपाट्याने झालेली वाढ हीदेखील कारणे होती, आणि सारा दोष संगणकाच्या अभावावर टाकणे न्याय्य होणार नाही. तथापि माहितीच्या बाबतीत आपण मागे पडलो हे बर यांनीही पुढे मान्य केले.

यापुढचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा होता. डॅलस हे अमेरिकन एअरलाइन्सचे मुख्य केंद्र. टल्साहून डॅलसपर्यंतच जाणारा प्रवासी पूर्ण भाडे देतो, पण तेच आसन टल्साहून डॅलसमार्गे होनोलुलूस जाणाऱ्यास सवलतीत दिले तरी एकूण उत्पन्न अधिक होते. म्हणजे एका टप्प्याचे भाडे पाहून चालत नाही. साऱ्या जाळ्याचा विचार करावा लागतो. तो मनुष्याच्या आवाक्याबाहेरचा आहे. १९८८ मध्ये कंपनीने त्यासाठी संपूर्ण प्रणाली बसविली आणि तीन वर्षांत तिच्यामुळे सुमारे १४० कोटी डॉलरचा लाभ झाल्याचा हिशेब तिच्या तज्ज्ञांनी प्रसिद्ध केला. विश्लेषकाचे काम मात्र संपले नाही, बदलले. पूर्वी तो प्रत्येक उड्डाण पाही. आता जी थोडी उड्डाणे अपेक्षेहून निराळी वागतात तेवढीच यंत्र त्याच्यापुढे ठेवते. एखाद्या शहरी अधिवेशन भरणार आहे किंवा सामना होणार आहे, हे जुन्या नोंदींस ठाऊक नसते. ते माणसासच सांगावे लागते.

महाराष्ट्राच्या वाचकांस याची उलटी बाजूही परिचित आहे. केंद्र सरकारने २०१६ मध्ये जाहीर केलेल्या ‘उडान’ योजनेत लहान शहरांना जोडणाऱ्या उड्डाणांतील साधारण निम्म्या आसनांना कमाल भाड्याचे बंधन घालण्यात आले. आरंभी सुमारे एका तासाच्या प्रवासास ते २,५०० रुपये होते. २७ एप्रिल २०१७ रोजी या योजनेतील पहिल्या उड्डाणांबरोबर नांदेड हैदराबादशी जोडले गेले. येथे आसने राखावयाची ती अधिक भाडे देणाऱ्यासाठी नव्हे, तर कमी भाडे देऊ शकणाऱ्यासाठी. आणि येणारी तूट केंद्र व राज्य शासनाने मिळून भरावयाची. अशा वेळी कोणत्या उड्डाणात कोणती आसने कोणत्या भाड्याने गेली याची नोंद हा कंपनीचा खासगी हिशेब राहत नाही. सार्वजनिक पैशाचा तो पुरावा ठरतो.

न येणाऱ्या प्रवाशांचा हिशेब

आरक्षण केलेला प्रत्येक जण येतोच असे नाही. अमेरिकन एअरलाइन्सच्या १९९२ मधील लेखानुसार एका उड्डाणासाठी होणाऱ्या आरक्षणांपैकी सुमारे निम्मी रद्द होत किंवा ते प्रवासी येतच नसत. आसनांइतकीच आरक्षणे घेतली असती तर पूर्ण विकल्या गेलेल्या विमानांतही सुमारे १५ टक्के आसने रिकामी गेली असती. म्हणून आसनांपेक्षा अधिक आरक्षणे घेण्याची पद्धत पडली. अंदाज बरोबर आला तर कोणाचेच नुकसान नाही. चुकला तर तिकीट हाती असलेला माणूस दारातून परत जातो.

एप्रिल १९७२ मध्ये ग्राहक चळवळीचे नेते राल्फ नेडर यांना वॉशिंग्टनहून हार्टफर्डला सभेसाठी जावयाचे होते. आरक्षण असूनही ॲलेगेनी एअरलाइन्सने त्यांस विमानात घेतले नाही, कारण विमान भरले होते. नेडर न्यायालयात गेले व १९७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, आसनांहून अधिक आरक्षणे घेतो हे प्रवाशांपासून दडवून ठेवल्याबद्दल कंपनीवर दावा लावता येईल. ज्युलियन सायमन या अर्थशास्त्रज्ञाने १९६० नंतरच्या दशकातच एक तोडगा सुचविला होता: कोणास उतरवावे हे कंपनीने ठरवू नये, जो मोबदला घेऊन राजीखुशीने मागे राहील त्यास विचारावे. तेव्हा कंपन्यांनी त्याची थट्टा केली. १९७८ मध्ये हीच रीत नियमात आली. मोबदल्याची रक्कम हीही मग माहिती प्रणालीतील एक आकडा झाली. रिकाम्या आसनाची हानी व मागे राहणाऱ्याचा मोबदला यांचा मेळ घालून किती जादा आरक्षणे घ्यावीत ते ठरू लागले. त्यापूर्वी परत गेलेल्या प्रवाशाची गैरसोय कंपनीच्या हिशेबात फारशी कोठे लिहिलीच जात नव्हती.

पडद्यावरील पहिली ओळ

१९७६ पासून अमेरिकन एअरलाइन्सने सेबरचे पडदे प्रवास-एजंटांच्या कचेऱ्यांत बसविण्यास आरंभ केला. युनायटेड एअरलाइन्सने आपली ‘अपोलो’ प्रणाली तशीच पुढे आणली. एजंटास एकाच पडद्यावर सर्व कंपन्यांची उड्डाणे दिसत. पण कोणाचे उड्डाण वर व कोणाचे खाली, हे प्रणालीच्या मालकाच्या हाती होते. घाईत असलेला एजंट बहुधा पहिल्या पडद्यावरूनच आरक्षण करी. प्रणालीच्या मालकाने आपली उड्डाणे वर मांडली, आणि प्रतिस्पर्ध्याचे सोयीचे उड्डाण तिसऱ्या-चौथ्या पडद्यावर जाऊन पडले. पडद्यावर एक अक्षरही खोटे नव्हते. क्रमाने काम केले होते.

यात आणखी एक लाभ दडलेला होता. एजंटाने कोणत्याही कंपनीचे तिकीट विकले तरी त्याची नोंद प्रणालीच्या मालकाकडे पडे. प्रतिस्पर्ध्याच्या कोणत्या मार्गावर गिऱ्हाईक आहे हे त्यास बसल्या जागी कळू शकत होते. लहान कंपन्यांच्या तक्रारी वाढल्यावर १९८४ मध्ये नागरी विमान वाहतूक मंडळाने असा पक्षपाती क्रम लावण्यास मनाई केली. पुढे विमान कंपन्यांनी या प्रणालींची मालकी सोडली, आंतरजालावरून थेट विक्री वाढली, आणि २००४ मध्ये हे अमेरिकी नियम मागे घेण्यात आले. तिकिटे दाखविणाऱ्या संकेतस्थळांवर पहिली ओळ कोणाची असावी, हा प्रश्न मात्र मालक बदलला तरी तोच आहे.

विमान, वैमानिक आणि वेळ

आतापर्यंत आसनांची चर्चा झाली. पण आसन विकले तरी विमान वेळेवर, वैमानिकासह जागेवर असावे लागते. विमानाच्या प्रत्येक महत्त्वाच्या भागाचे उड्डाण-तास नोंदले जातात व ठरलेल्या तासांनंतर तो तपासला किंवा बदलला जातो. हे काम शिस्तीचे असून त्याची पद्धत बरीच स्थिरावलेली आहे. कर्मचाऱ्यांचे तसे नाही. वैमानिकाने किती तास काम करावे व किती विश्रांती घ्यावी यास कायद्याची मर्यादा आहे. एक विमान अडकले की त्याचा वैमानिक पुढच्या शहरी पोहोचत नाही, तेथले विमान थांबते, तेथल्या कर्मचाऱ्यांचे तास संपतात. एका शहरातील हिमवर्षाव संध्याकाळपर्यंत हजार मैलांवरच्या विमानतळावर जाणवतो.

२०२२ च्या डिसेंबरात अमेरिकेत हिमवादळ आले. सर्वच कंपन्यांची उड्डाणे रद्द झाली, परंतु इतर कंपन्या काही दिवसांत सावरल्या. साउथवेस्ट एअरलाइन्स सावरली नाही. तिची विमाने एका मुख्य केंद्राकडे परत न येता शहरामागून शहर अशी पुढे जात असतात, त्यामुळे कर्मचारी देशभर विखुरले गेले. कर्मचाऱ्यांच्या पाळ्या लावणाऱ्या तिच्या प्रणालीस आराखडा ठाऊक होता. प्रत्यक्षात कोण कोठे आहे हे ठाऊक नव्हते. वैमानिक व सेविका आपला ठावठिकाणा कळविण्यासाठी दूरध्वनी लावून तासन्‌तास ताटकळत राहिल्या. पाळ्या लावणाऱ्या माणसांनी हाताने जुळवाजुळव करावी, तोवर परिस्थिती पुन्हा बदललेली असे. विमान आहे, वैमानिकही त्याच शहरात आहे, पण एकाची दुसऱ्याशी गाठ नाही, असे घडले. सुमारे १६,९०० उड्डाणे रद्द झाली व २० लाखांहून अधिक प्रवासी नाताळच्या दिवसांत अडकले. एका वर्षाने, डिसेंबर २०२३ मध्ये, अमेरिकेच्या वाहतूक खात्याने कंपनीस १४ कोटी डॉलरचा दंड केला. साठ वर्षांपूर्वी सेबरने जे आसन आणि नाव यांच्या बाबतीत केले होते, म्हणजे वस्तुस्थिती व नोंद एका जागी आणणे, ते येथे माणसे व विमाने यांच्या बाबतीत राहून गेले होते. आसने विकणारी प्रणाली उत्पन्न वाढविते, म्हणून तिच्यावर खर्च करण्यास संचालक राजी होतात. पाळ्या लावणारी प्रणाली उत्तम असली तर काहीच घडत नाही, आणि काही न घडण्यावर पैसे खर्च करा हे सभेत पटवून देणे कठीण असते.

दुसरा धोका याहून साधा आहे. १९ जुलै २०२४ रोजी संगणकांच्या संरक्षणासाठी पाठविलेल्या एका सदोष सुधारणेमुळे जगभरातील सुमारे ८५ लाख संगणक बंद पडले. त्यात विमान कंपन्यांची यंत्रेही होती. अमेरिकेत डेल्टा एअरलाइन्सला पाच दिवसांत सुमारे ७,००० उड्डाणे रद्द करावी लागली. यंत्रे पुन्हा सुरू झाल्यावरही कर्मचाऱ्यांचा माग ठेवणारी प्रणाली घटनांना गाठू शकली नव्हती. भारतात मुंबईसह अनेक विमानतळांवर प्रवाशांच्या रांगा लागल्या, आणि काही ठिकाणी कर्मचाऱ्यांनी प्रवाशाचे नाव, उड्डाण क्रमांक व आसन क्रमांक पेनाने लिहून प्रवेशपत्रे दिली. ज्यांच्यापाशी प्रवाशांची यादी आधीच छापून ठेवलेली होती, त्यांना निदान नावे पडताळून पाहता आली.